लिनक्समधून आयटूसी बसशी बोलायचा बरोबर रस्ता कोणता? द्राक्षबागेतल्या सेन्सरसाठी मदत हवी आहे

निफाडचा_नातू
शनिवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

काकांची निफाडजवळ दोन एकर द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर डावणीची (पानांवरच्या बुरशीच्या रोगाची) धास्ती असते आणि फवारणी कधी घ्यायची हे हवेतला दमटपणा किती आणि पानावर ओल किती वेळ राहिली त्यावर ठरतं, म्हणून मी मोटारीच्या खोलीत एक रास्पबेरी पाय ३ (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर) बसवलाय. त्याला चार वस्तू जोडल्यात, सगळ्या एकाच आयटूसी बसवर, म्हणजे डेटा आणि क्लॉक या दोन सामाईक वायरींवर, जिथे प्रत्येक चिपला आपला ॲड्रेस असतो. तापमान-दमटपणासाठी बीएमई२८०, मातीच्या ओलाव्याच्या दोन प्रोबचं व्होल्टेज आकड्यांत आणायला एडीएस१११५, घड्याळ म्हणून डीएस३२३१ कारण तिथे नेट नाही आणि लाईट गेली की पायची वेळ चुकते, आणि एक छोटा ओएलईडी डिस्प्ले.

प्रोग्राम दोन आहेत. पायथॉनमधला दर ५ मिनिटांनी फाइलमध्ये नोंद करतो, सी मधला दर २ सेकंदांनी डिस्प्लेवर आकडे दाखवतो. दोघंही /डेव्ह/आयटूसी-१ (लिनक्समधली या बसची फाइल) उघडतात, आयओसीटीएल या सिस्टम कॉलने आय२सी_स्लेव्ह सांगून चिपचा ॲड्रेस देतात, मग राइटने एक बाइट म्हणजे रजिस्टरचा (चिपमधल्या कप्प्याचा) नंबर पाठवतात आणि मग रीड.

आता त्रास असा की अधूनमधून एरर १२१, रिमोट आय/ओ एरर येते. आठवड्यातून एकदोनदा तापमान १८० अंश दिसतं. दोन प्रोबचे आकडे कधीकधी अदलाबदल होतात, पूर्वेकडचा पश्चिमेला आणि पश्चिमेचा पूर्वेला. आणि आयटूसीडिटेक्ट (बसवर कोण कोण आहे ते दाखवणारं टूल) चालवलं की घड्याळाच्या ६८ या ॲड्रेसच्या जागी यूयू दिसतं, घड्याळाची चिप गेली की काय कळत नाही.

एका मित्राचं म्हणणं की हे मधले ड्रायव्हर सोड, /डेव्ह/मेम एममॅप कर (म्हणजे पायची मेमरी थेट प्रोग्राममध्ये उघड) आणि थेट बसच्या कंट्रोलरच्या रजिस्टरवर लिही, फास्ट पण होईल आणि एरर पण जाईल. खरंच तसं करावं का? काकांनी माझ्या आकड्यांवर फवारणी ठरवायला सुरुवात केलीय त्यामुळे चुकीचा आकडा जाऊन चालणार नाही.

—

सोल्डरकाका
रविवार, सकाळी ६:५५

पहिला प्रश्न, बीएमई पायपासून किती लांब आहे आणि वायर कुठली? बाकी नंतर.

—

कर्नलवाला
रविवार, सकाळी ९:१०

यूयू म्हणजे चिप गेली नाही, उलट ठणठणीत आहे. त्या ॲड्रेसवर कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर आधीच बसलाय एवढाच त्याचा अर्थ, म्हणून आयटूसीडिटेक्ट तिकडे हात लावत नाही. तुमच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१ अशी ओळ (ओव्हरले) नक्की असणार, ड्रायव्हर तीच बसवते. घड्याळ वाचायचं तर एचडब्ल्यूक्लॉक -आर म्हणा, वेळ दिसेल.

आणि तुमचा मित्र चांगला असेल पण हा सल्ला अजिबात ऐकू नका. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

—

पुणेरी_पॉइंटर
रविवार, सकाळी ९:३१

यूयू असलं तरी आय२सी_स्लेव्ह च्या जागी आय२सी_स्लेव्ह_फोर्स वापरलं की प्रोग्राममधून वाचता येतं. टूल्सना -एफ लावलं की झालं, मी नेहमी करतो.

—

कर्नलवाला
रविवार, सकाळी ९:४४

@पुणेरी_पॉइंटर, वाचता येतं म्हणून वाचावं असं नाही ना हो. आय२सी_स्लेव्ह ला ईबिझी (जागा गुंतलेली) येतं ते मुद्दाम ठेवलंय. ड्रायव्हर वेळ लिहीत असताना तुम्ही फोर्सने मध्येच रजिस्टर बदललं तर त्याला पत्ताही लागत नाही. प्रयोगाच्या टेबलावर ठीक आहे, पण बागेत चोवीस तास चालणाऱ्या डब्यात फोर्स नको म्हणजे नको.

—

मृण्मयी_एम्बेडेड
रविवार, दुपारी १२:१८

निफाडचा_नातू, तुमची लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निदान जवळजवळ तिथेच आहे. १८० अंश आणि अदलाबदल हे दोन वेगळे आजार आहेत, दोन्हीचं मूळ मात्र एकच, दोन प्रोग्राम एकमेकांना न विचारता एकाच बसवर बोलतायत.

आधी १८० अंश. तुम्ही राइट करता तेव्हा बसवर स्टार्ट, ॲड्रेस, रजिस्टर नंबर आणि मग स्टॉप जातं. रीड हा वेगळा व्यवहार, त्याचा स्टार्ट वेगळा. मधल्या फटीत बस मोकळी असते. आता बीएमईच्या आत एकच बोट आहे असं समजा, ते कुठल्या रजिस्टरवर ठेवायचं ते राइट सांगतं. पायथॉनवाल्याने बोट हेक्स (सोळाच्या पायातल्या आकड्यांत) एफ७ वर ठेवलं, तो रीड करणार तेवढ्यात सी वाला आला आणि बोट ८८ वर नेऊन ठेवलं. पायथॉन वाचतो ८८ पासूनचे कॅलिब्रेशनचे (माप दुरुस्त करायचे) आकडे आणि त्याला वाटतं हेच तापमान. एरर कुठेच येत नाही कारण बसच्या दृष्टीने सगळं सुरळीत झालंय! तुमचा सी प्रोग्राम दर वेळी कॅलिब्रेशन परत वाचतो का?

उपाय आहे आय२सी_आरडीडब्ल्यूआर, तोही आयओसीटीएलच. त्यात दोन मेसेज एकत्र द्यायचे, पहिला एक बाइट लिहिण्याचा, दुसरा ८ बाइट वाचण्याचा. कर्नल ते दोन्ही मिळून एकच व्यवहार करतो, मध्ये स्टॉप नाही, रिपीटेड स्टार्ट असतो, आणि पूर्ण होईपर्यंत त्या बसचं कुलूप दुसऱ्या कोणाला मिळत नाही. एका कॉलमध्ये ४२ मेसेजपर्यंत देता येतात, तुम्हाला दोन पुरेत. पायथॉनमध्ये एसएमबस२ ही लायब्ररी घेतलीत तर त्यात आयटूसी_आरडीडब्ल्यूआर आहे. आणि एफ७ ते एफई हे आठही बाइट एका दमात वाचा, चिप तेवढा वेळ आकडे गोठवून ठेवते, नाहीतर वरचा बाइट जुन्या मापाचा आणि खालचा नव्या मापाचा असं होऊ शकतं.

आता अदलाबदल, इथे मात्र आरडीडब्ल्यूआर पुरत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. एडीएस१११५ मध्ये चार चॅनेल पण मोजणारा एकच. तुम्ही कॉन्फिग रजिस्टरमध्ये चॅनेल लिहिता, मग थांबता, डीफॉल्ट सेकंदाला १२८ सॅम्पलच्या वेगाला साधारण ८ मिलिसेकंद, आणि मग निकाल वाचता. त्या ८ मिलिसेकंदांत दुसऱ्या प्रोग्रामने चॅनेल बदलला तर तुम्ही त्याचा निकाल तुमचा म्हणून वाचता. प्रत्येक व्यवहार वेगवेगळा शुद्ध आहे पण तीन व्यवहारांची मिळून जी गोष्ट आहे तिला कुलूप नाही. आय२सी_स्लेव्ह दिलं म्हणजे चिप आपल्या मालकीची झाली असं नसतं बरं का, ते फक्त कर्नल ड्रायव्हर बसलाय का एवढंच बघतं, दुसऱ्या युजर प्रोग्रामला ते अडवत नाही.

—

निफाडचा_नातू
रविवार, दुपारी १:०५

मृण्मयीताई, अंगावर काटा आला वाचून. हो, सी प्रोग्राम प्रत्येक फेरीत ८८ पासून परत वाचतो! एकदाच वाचून ठेवायचं डोक्यातच आलं नाही. आणि पायथॉन चॅनेल ० आणि १ वाचतो, सी पण तेच दोन.

@सोल्डरकाका, साधारण १२ मीटर. मांडवाच्या मध्यावर सेन्सर आहे आणि पाय खोलीत. लॅनची केबल वापरलीय.

—

सोल्डरकाका
रविवार, दुपारी १:२०

१२ मीटर!! अहो आयटूसी १९८२ साली फिलिप्सने काढलं ते टीव्हीच्या डब्यातल्या एकाच बोर्डावरच्या चिपांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. तुम्ही त्याला मांडवातून चालवताय.

हिशोब करू. लॅन केबलच्या जोडीत मीटरला साधारण ५० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा, १२ मीटरचे झाले ६००. आयटूसीची मर्यादा आहे ४००. पायच्या बोर्डावर पिन ३ आणि ५ ला १.८ किलोओहमचे पुलअप (लाइन वर ओढणारे) रेझिस्टर आहेत. लाइन खाली ओढायला चिप आहे पण वर जायला फक्त तो रेझिस्टर, आणि ६०० पिकोफॅरड भरत भरत वर जायला ०.९ मायक्रोसेकंद लागतो. १०० किलोहर्ट्झला १ मायक्रोसेकंद चालतो, म्हणजे काठावर पास. ४०० ला ०.३ लागतो, तिथे सरळ नापास. तुम्ही वेग किती ठेवलाय?

आणि डेटा आणि क्लॉक एकाच पिळाच्या जोडीत घातलेत का? घातले असतील तर आधी ते सोडवा. डेटाबरोबर ग्राउंड एका जोडीत, क्लॉकबरोबर ग्राउंड दुसऱ्या जोडीत.

—

निफाडचा_नातू
रविवार, दुपारी १:२८

काका, एका व्हिडिओत बघून ४००००० केलाय. आणि हो, निळ्या जोडीत दोन्ही.

—

सोल्डरकाका
रविवार, दुपारी १:३०

मग एरर १२१ चं नवल नाही, मधेमधे बरोबर आकडा येतो याचं आहे. १२१ म्हणजे समोरच्या चिपने पोच दिली नाही. कॉन्फिगमध्ये आयटूसी_आर्म_बॉडरेट=१०००० करा. तुम्हाला ५ मिनिटांनी आठ बाइट हवेत, घाई कसली आहे.

—

वाईचा_विद्यार्थी
रविवार, दुपारी ३:०२

जरा अवांतर, माझा पण बीएमई२८० आहे, तापमान आणि दाब बरोबर येतो पण दमटपणा येतच नाही. लायब्ररी तीन बदलल्या. उद्या प्रोजेक्ट दाखवायचाय :(

—

मृण्मयी_एम्बेडेड
रविवार, दुपारी ३:०९

@वाईचा_विद्यार्थी, लायब्ररी बदलू नकोस, चिपलाच विचार तू कोण म्हणून. आयटूसीगेट -वाय १, ॲड्रेस ७६, रजिस्टर डी०, सगळे हेक्स. ६० आलं तर बीएमई. ५८ आलं तर ती बीएमपी२८० आहे, तिच्यात दमटपणा मोजायची सोयच नाही.

—

वाईचा_विद्यार्थी
रविवार, दुपारी ३:१४

५८.

—

सातारी_सर्किट
रविवार, दुपारी ३:१६

अरेरे. बाजारात हे फार होतं, बोर्डावर दोन्ही नावं छापलेली असतात. रिपोर्टमध्ये डी० चा आकडा आणि तू तो कसा शोधलास ते लिही, परीक्षकाला आवडेल. आणि साताऱ्यात येणार असशील तर माझ्याकडे एक खरा बीएमई पडलाय, घेऊन जा.

—

कर्नलवाला
रविवार, रात्री ९:५०

सकाळचं राहिलेलं लिहितो. /डेव्ह/मेम बद्दल.

पायमधल्या कंट्रोलरची रजिस्टरं मेमरीच्या पत्त्यावर असतात हे खरं आणि रूट असलात तर एममॅप करून तिथे लिहिता येतं हेही खरं. पण त्याच कंट्रोलरवर कर्नलचा ड्रायव्हर बसलेला आहे. त्याने फिफोमध्ये (बाइटच्या रांगेत) बाइट टाकलेत, इंटरप्टची (कंट्रोलरच्या इशाऱ्याची) वाट बघतोय, आणि त्याच वेळी तुमचा प्रोग्राम फिफो पुसून आपला ॲड्रेस लिहितो. मृण्मयी यांनी जी फट दाखवली ती निदान दोन व्यवहारांच्या मध्ये होती, इथे एका व्यवहाराच्या पोटात घुसायचं आहे. तुमच्या बसवर घड्याळाचा ड्रायव्हर आधीच आहे हे विसरू नका.

शिवाय पत्ता कुठला? पहिल्या पायवर पेरिफेरल हेक्समध्ये २ वर सात शून्यांच्या पत्त्यापासून सुरू होतात, पाय २ आणि ३ वर ३एफ पासून, पाय ४ वर एफई पासून. पाय ५ वर तर आयटूसी मूळ प्रोसेसरमध्ये नाहीच, शेजारच्या आरपी१ चिपमध्ये गेलंय आणि कंट्रोलरची जातच वेगळी आहे. उद्या तुमचा पाय ३ विजेने गेला आणि काकांनी नाशिकहून पाय ५ आणला तर एममॅपवाला प्रोग्राम फेकून द्यावा लागेल. /डेव्ह/आयटूसी-१ वाला मात्र एक ओळ न बदलता चालेल. कर्नल मध्ये ठेवायचा तो याच्यासाठी.

वेगाचं म्हणाल तर वेळ वायरवर जातो, कर्नलमध्ये नाही. १०० किलोहर्ट्झला एका बाइटला पोच धरून ९ क्लॉक, म्हणजे ९० मायक्रोसेकंद. एममॅपने तो वेळ काहीही कमी होत नाही.

आता माझं खरं मत. तुम्ही युजर प्रोग्राममधून बीएमई वाचायलाच नको. कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आहे. कॉन्फिगमध्ये डीटीओव्हरले=आयटूसी-सेन्सर,बीएमई२८० टाका, रीबूट करा, मग /सिस/बस/आयआयओ/डिव्हायसेस खाली एक फोल्डर येईल, त्यात इन_टेम्प_इनपुट नावाची फाइल असेल. कॅट करा (फाइलमधलं दाखवणारी कमांड), २३४५० आलं तर २३.४५ अंश. दमटपणाची फाइल तशीच, हजाराने भागायचं. कॅलिब्रेशनचं गणित ड्रायव्हर करतो, कुलूप ड्रायव्हर लावतो, दोन काय दहा प्रोग्रामनी वाचलं तरी कोणाचं बोट हलत नाही. एडीएस१११५ चाही ओव्हरले आहे, चॅनेल बदलून थांबून वाचायची पूर्ण गोष्ट तो एका कुलपात करतो.

—

पुणेरी_पॉइंटर
रविवार, रात्री १०:२२

एममॅपबद्दल पटलं. पण सगळंच कर्नलला द्या हे मला पटत नाही. मी डेटाशीट उघडून, आयटूसी-डेव्हने (म्हणजे /डेव्ह/आयटूसी-१ उघडून) एकेक रजिस्टर वाचून शिकलो. कॅट करून २३४५० मिळालं की पोराला काय कळणार आत काय चाललंय? आणि ज्या चिपला ड्रायव्हर नाही तिचं काय? सगळ्यांनी कर्नल मॉड्यूल लिहायचं का? युजर प्रोग्राम चुकला तर प्रोग्राम मरतो, मॉड्यूल चुकलं तर पूर्ण मशीन बसतं.

—

कर्नलवाला
रविवार, रात्री १०:४०

ड्रायव्हर नाही तिथे आयटूसी-डेव्हच, यात वाद नाहीच. ओएलईडी ३सी या ॲड्रेसवर तसाच चालू द्या, तिथे दुसरं कोणी लिहीत नाही. आणि शिकायचं म्हणाल तर मीही तसाच शिकलो. पण इथे शिकणं वेगळं आणि काकांची फवारणी वेगळी.

—

डोंबिवली_फास्ट_मोड
रविवार, रात्री ११:०१

माझ्या आईने मागून स्क्रीन वाचली आणि विचारते हे कर्नल कुठल्या रेजिमेंटचे, सगळे त्यांचंच ऐकायला सांगतायत.

—

मृण्मयी_एम्बेडेड
रविवार, रात्री ११:०६

:)) आईंना सांगा, सीमेवरचेच आहेत, हार्डवेअर आणि प्रोग्रामच्या.

@पुणेरी_पॉइंटर शी अर्धी सहमत. ड्रायव्हर नसलेल्या चिपसाठी माझा नियम, बसवरच्या एका चिपला एकच प्रोग्राम हात लावणार. तो वाचून आकडे फाइलमध्ये किंवा सॉकेटवर ठेवेल, बाकीच्यांनी तिथून घ्यावेत. ते जमत नसेल तर निदान दोन्ही प्रोग्रामनी एका ठरलेल्या फाइलवर एफलॉक (फाइलचं कुलूप) घ्यावं. आणि सगळं सुडोने चालवू नका, आय२सी ग्रुपमध्ये युजर घाला, पुरतं.

अजून एक, एडीएस१११५ हाताने वाचणार असाल तर एसएमबसचा (आयटूसीच्याच जवळच्या बसचा) वर्ड रीड, म्हणजे दोन बाइटचं वाचन, खालचा बाइट आधी धरतो आणि ही चिप वरचा बाइट आधी पाठवते. बाइटांची अदलाबदल नाही केली तर आकडे वेड्यासारखे नाचतात. माझे कॉलेजात दोन दिवस गेले होते यात.

—

ओंटारियोतला_ओंकार
सोमवार, पहाटे ४:३५

इथे उशिरा पोचलो. वाचणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, हे आयटूसीडिटेक्ट पायवर खुशाल चालवा पण लॅपटॉपवर उगाच नको. पीसीत एसएमबस असते, तिच्यावर रॅमची माहिती ठेवणारी ईईप्रॉम ५० ते ५७ वर बसलेली असते. जुन्या आयबीएम थिंकपॅडमध्ये २४आरएफ०८ नावाची ईईप्रॉम होती, नुसत्या शोधाच्या चाचपणीने तिच्यातला डेटा खराब व्हायचा आणि लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. आयटूसीडिटेक्ट आधी धोक्याची सूचना देऊन विचारतं ना, त्याच्यामागे असे अनुभव आहेत. आपण सगळे -वाय लावून ती सूचनाच बंद करतो.

चांगला उपयोगही सांगतो. मॉनिटरच्या एचडीएमआय केबलमध्येही आयटूसीच्या दोन वायरी असतात. डीडीसीयूटिल नावाचं टूल /डेव्ह/आयटूसी मधूनच मॉनिटरशी ३७ या ॲड्रेसवर बोलतं आणि ब्राइटनेस बदलतं. रात्री बटणं चाचपडायची गरज नाही.

—

डोंबिवली_फास्ट_मोड
सोमवार, सकाळी ८:१२

@ओंकार, लोकलमध्ये वाचलं, ऑफिसला पोचल्या पोचल्या केलं, चाललं! एवढी वर्षं मॉनिटरखाली बोट घालून तो बारका जॉयस्टिक शोधतोय.

—

सोल्डरकाका
सोमवार, सकाळी ८:४०

घड्याळाच्या मॉड्यूलबद्दल राहिलं. तो निळा बोर्ड ५ व्होल्टवर लावला असेल तर ३.३ वर आणा. ५ वर त्याचे पुलअप पायच्या पिनांना ५ व्होल्ट दाखवतात, पायला ते सोसत नाही. आणि त्या बोर्डावर सेल चार्ज करणारं सर्किट आहे, साधा सीआर२०३२ घातलेला असतो, तो चार्ज करायचा नसतो, फुगतो.

—

निफाडचा_नातू
शुक्रवार, रात्री १०:१५

मंडळी, चार दिवस बागेत होतो म्हणून उत्तर नाही दिलं.

घड्याळ ५ वरच होतं, सेल काढून बघितला तर मधोमध फुगलेला. काका, तुमचे उपकार.

वेग १०००० केला, जोड्या सोडवून परत भरल्या. बीएमई आणि एडीएस दोन्ही ओव्हरलेने कर्नलला दिले, आता आयटूसीडिटेक्टमध्ये तीन ठिकाणी यूयू दिसतं आणि ते बघून आता बरं वाटतं. दोन्ही प्रोग्राम नुसत्या फाइली वाचतात, माझा सी मधला दीडशे ओळींचा कोड पुसला. ओएलईडी तेवढा आयटूसी-डेव्हने. चार दिवसांत १८० अंश एकदाही नाही, अदलाबदल नाही.

पण एरर पूर्ण गेली नाही. चार दिवसांत ११ वेळा आली, म्हणून वेळा काढून बघितल्या. सगळ्या रात्री, आणि सगळ्या काकांनी मोटार चालू केल्याच्या त्याच मिनिटाला! थ्री फेज रात्री येते, काका उठून स्टार्टर दाबतात आणि नेमकं तेव्हाच.

—

सोल्डरकाका
शुक्रवार, रात्री १०:३२

शाब्बास, वेळा काढल्यास हे फार चांगलं केलंस. केबल मोटारीच्या वायरीला लागून जाते ना? आता आयटूसी लांब नेऊच नकोस. मांडवात एक छोटा मायक्रोकंट्रोलर ठेव, बीएमई त्याच्याशी दहा सेंटिमीटरच्या वायरीने जोड, आणि तिथून खोलीपर्यंत आरएस-४८५ (लांब वायरींवर चालणारी जोडणी). त्याच लॅन केबलची एक जोडी चालेल. आरएस-४८५ दोन वायरींमधला फरक बघतं, मोटारीचा धक्का दोन्हींवर सारखाच बसतो म्हणून फरकात दिसत नाही.

—

कर्नलवाला
शुक्रवार, रात्री १०:४१

तोपर्यंत प्रोग्राममध्ये वाचताना एरर आली तर दोन सेकंद थांबून परत, असं तीनदा करा, आणि तिन्ही वेळा चुकलं तर रकाना रिकामा सोडा. जुना आकडा परत लिहू नका. रिकामा दिसला तर काका बागेत जाऊन पान बघतील.

—

निफाडचा_नातू
शनिवार, सकाळी ६:२०

रात्रीच बदलून टाकलं. आज पहाटे साडेपाचला नोंद आलीय, तापमान १६.८, दमटपणा ९४. काका बॅटरी घेऊन मांडवात गेले, पानाखाली हात फिरवला आणि ओली बोटं मला दाखवली. म्हणाले जुळतंय.

आरएस-४८५ चं सामान आणायला नाशिकला निघालोय. सोल्डरकाका, केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावायचे ना?

—

सोल्डरकाका
शनिवार, सकाळी ६:२४

हो, दोन्ही टोकांना. आणि ती केबल मोटारीच्या वायरीपासून निदान फूटभर लांबून ने.